गाळलेला शब्द

२०२४ च्या फेब्रुवारीत माझी भाची आठ दिवसांसाठी डब्लिनला आली. मुंबईत कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती. बॅगेतून सुकट निघाली, आईने पाठवलेली लोणच्याची बरणी निघाली आणि कपड्यांच्या घडीतून भारताच्या संविधानाचा बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे टीका-टिप्पणीशिवाय नुसती कलमं छापलेलं पुस्तक. "गेल्या गेल्या परीक्षा आहे, मावशी." बाहेर पाऊस होता आणि रस्त्यातल्या प्रत्येक खांबावर पोस्टर. ८ मार्चला इथे सार्वमत होतं. आयरिश घटनेत बाईबद्दल आणि आईबद्दल १९३७ पासून असलेलं एक कलम काढायचं की ठेवायचं, असा प्रश्न होता.

माझ्याकडे आयरिश घटनेची निळ्या कव्हरची छोटी प्रत आहे. एका पानावर आयरिश, समोरच्या पानावर इंग्रजी. नागरिकत्व मिळालं तेव्हा घेतली आणि सार्वमत आलं की तेवढं कलम वाचून परत ठेवली. भाचीने ती उचलली, चहा होईपर्यंत चाळली आणि एकदम गप्प झाली. मग बेअर अ‍ॅक्ट शेजारी उघडा ठेवून म्हणाली, "मावशी, हे तर कॉपी आहे."

जेवणाच्या टेबलावर दोन पुस्तकं, मध्ये लोणच्याची बरणी. डावीकडे आयर्लंडचं ४५ वं कलम, उजवीकडे आपलं ३८ वं. आयरिश वाक्याचा अर्थ असा: ज्या समाजव्यवस्थेत राष्ट्रीय जीवनाच्या सगळ्या संस्थांमध्ये न्याय आणि चॅरिटी भिनलेली असेल, ती व्यवस्था शक्य तितक्या परिणामकारकपणे उभी करून आणि जपून सर्व लोकांचं कल्याण साधण्यासाठी राज्य झटेल. आपलं वाक्य जवळजवळ शब्दाला शब्द तेच. फक्त 'न्याय आणि चॅरिटी'च्या जागी 'सामाजिक, आर्थिक व राजकीय न्याय' आहे.

"दानधर्म काढून टाकला, बरं केलं," भाची म्हणाली.

मी तिला थांबवलं. वसईला आमच्या लहानपणी रविवारच्या धर्मशिक्षणात विश्वास, आशा आणि प्रीती हे तीन सद्गुण घोकून घेत. त्यातल्या तिसऱ्याला जुन्या इंग्रजीत चॅरिटी म्हणतात. दानपेटीशी त्याचा संबंध फार उशिरा आला. म्हणजे आयरिश घटनेत लिहिलंय की देशाच्या सगळ्या संस्थांमध्ये न्याय आणि प्रीती असावी. घटनेत प्रीती! असलं वाक्य वकील लिहीत नाहीत, धर्मगुरू लिहितात. भाचीला ते गमतीचं वाटलं. मला मात्र हा शब्द कुठून आला ते नीट कळेपर्यंत चैन पडेना.

हा शब्द रोमहून आला. १९३१ साली अकराव्या पायस पोपनी एक परिपत्रक काढलं. जग मंदीत होतं, एका बाजूला मोकाट भांडवलशाही, दुसऱ्या बाजूला साम्यवाद. पोपचं म्हणणं, अर्थव्यवहाराला लगाम घालायचा तर तो सामाजिक न्याय आणि सामाजिक प्रीती या दोघांनी मिळून घालावा. त्याआधी चाळीस वर्षं, १८९१ ला, तेराव्या लिओ पोपनी कामगारांच्या प्रश्नावर पहिलं मोठं परिपत्रक काढलं होतं. आमच्याकडच्या फादरांच्या कपाटात दोन्ही असत. लोक त्यांना हात लावत नसत, ते वेगळं. आयर्लंडमध्ये मात्र ती वाचणारी, त्यावर अभ्यासमंडळं चालवणारी माणसं होती. एडवर्ड काहिल नावाच्या जेझुइट धर्मगुरूंनी १९२६ साली 'ख्रिस्तराजा'च्या नावाने एक संघटना काढली होती. या शिकवणीप्रमाणे देश चालावा, एवढ्यासाठीच. १९३२ साली डब्लिनला जागतिक युखारिस्त महोत्सव, म्हणजे जगभरच्या कॅथलिकांचा मेळावा, भरला तेव्हा फिनिक्स पार्कमध्ये दहा लाखांच्या घरात लोक जमले होते. ब्रिटिशांपासून सुटून दहाच वर्षं झालेल्या, त्र्याण्णव टक्के कॅथलिक असलेल्या देशाने स्वतःला आरशात पाहिलं ते त्या दिवशी.

त्याच वर्षी एमन डी व्हॅलेरा सत्तेवर आले. पुढे त्यांनी नवी घटना लिहायला घेतली. १९२२ ची जुनी घटना ब्रिटिशांशी झालेल्या करारातून आलेली, त्यात राजाच्या निष्ठेची शपथ. ती त्यांना नको होती. मसुद्याचं काम सरकारी अधिकारी करत होते, जॉन हर्न हे त्यांतले मुख्य. १९३६ च्या शरदात जेझुइटांच्या एका समितीने आपला मसुदा पाठवला. पण खरी गंमत शेजारच्या घरातली आहे. डी व्हॅलेरा ब्लॅकरॉकला राहत. जवळच ब्लॅकरॉक कॉलेज. तिथे ते स्वतः शिकले होते, काही काळ शिकवलंही होतं, त्यांची मुलं तिथेच. त्या कॉलेजचे प्रमुख जॉन चार्ल्स मॅक्वेड, होली घोस्ट संघाचे धर्मगुरू, घरोब्यातले. १९३७ च्या सुरुवातीच्या महिन्यांत मॅक्वेड यांची पत्रं जवळजवळ रोज जात होती, कधी दिवसाला दोन. सोबत टिपणं, पोपच्या परिपत्रकांमधले उतारे, कलमांचे तयार मजकूर. कुटुंब, शिक्षण, खाजगी मालमत्ता, धर्म आणि सामाजिक धोरण, म्हणजे ४१ ते ४५ ही कलमं. त्यांवर या माणसाच्या पेनाची शाई सगळ्यात जास्त सांडली आहे. पुढे १९४० ते १९७२ ते डब्लिनचे आर्चबिशप होते आणि त्या काळातल्या आठवणी सांगताना इथली म्हातारी माणसं अजूनही आवाज खाली घेतात.

वसईत वाढलेल्या माणसाला हे ऐकून आश्चर्य वाटत नाही. संघटना कशी बांधतात ते आम्ही घरातच पाहिलंय. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या मागे हरित वसईची चळवळ उभी राहिली तेव्हा मी शाळेत होते. बिल्डर, टँकर, गुंड, सगळ्यांशी एकदम भांडण. मिस्सा संपली की फादर घोषणा करत, मग मंडळाच्या बायका घरोघर जात, आणि संध्याकाळी वाडीतल्या विहिरीच्या काठावर बैठक. आई मला मोर्चाला घेऊन गेली होती. तिच्या पिशवीत पाण्याची बाटली, जपमाळ आणि केळी. चर्चने राजकारण करू नये असं आजही कुणी म्हटलं की मला ती पिशवी आठवते. आमच्या विहिरींना पाणी राहावं म्हणून जी माणसं, जी रविवारची गर्दी, जो फादरांचा शब्द वापरला गेला, तेच सामान आयर्लंडमध्येही होतं. त्यामुळे हा विषय मला कधी सोपा गेला नाही. सेक्युलर मित्रमैत्रिणींच्या गप्पांत मी अर्धवट मान हलवते, आणि चर्चमधल्या गप्पांतही अर्धवटच.

डी व्हॅलेरांनी सगळं मान्य केलं असतं तर गोष्ट सरळ होती. पण धर्माच्या कलमावर ते अडले. सुरुवातीच्या मसुद्यात कॅथलिक चर्च हेच ख्रिस्ताचं खरं चर्च, अशा अर्थाची भाषा होती. ती छापली असती तर प्रॉटेस्टंट बिथरले असते आणि ब्रिटनकडे राहिलेले उत्तरेकडचे सहा परगणे परत मिळण्याची आशा संपली असती. मग ते आर्चबिशपांना भेटले, प्रॉटेस्टंट पुढाऱ्यांना भेटले आणि मधला मार्ग निघाला: बहुसंख्य नागरिकांच्या श्रद्धेची राखणदार म्हणून कॅथलिक चर्चचं 'विशेष स्थान' राज्य मान्य करतं. लगेच पुढच्या ओळीत चर्च ऑफ आयर्लंड, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, क्वेकर आणि ज्यू समाज यांनाही मान्यता. १९३७ साल होतं. त्या वर्षी युरोपातल्या एका देशाने ज्यूंचं नाव घटनेत मानाने लिहिलं, हे मला दरवेळी थांबून वाचावंसं वाटतं.

आर्माचे कार्डिनल मॅकरॉरी नाराज झाले. मग एप्रिलमध्ये परराष्ट्र खात्याचे सचिव जोसेफ वॉल्श यांना रोमला पाठवलं, पोपचा आशीर्वाद मिळतो का बघायला. पोप म्हणाले ते इतिहासात राहिलं: आम्ही मान्यता देत नाही, अमान्यही करत नाही, आम्ही गप्प राहू. सरकारी कचेरीत आयुष्य काढलेला कोणीही मराठी माणूस या शेऱ्याला दाद देईल. डी व्हॅलेरांना तेवढंच हवं होतं. पुढे चाळीसच्या दशकात फादर डेनिस फाही यांची 'मारिया डूचे' ही संघटना निघाली. ते कलम पुरेसं कॅथलिक नाही, 'विशेष स्थान' कसलं देता, खरं चर्च म्हणा, अशी तिची मागणी. ती कुणी मनावर घेतली नाही.

बायकांनी मात्र १९३७ मध्येच हाक मारली होती. मसुदा वाचून विद्यापीठातल्या पदवीधर स्त्रिया, कामगार संघटनेतल्या स्त्रिया, हॅना शीही स्केफिंग्टनसारख्या जुन्या चळवळ्या उभ्या राहिल्या. जुन्या घटनेत 'लिंगभेद न करता' असे शब्द होते, ते नव्या मसुद्यातून गायब झाले होते. भांडून त्यांनी ते परत मिळवले. ४५ व्या कलमात 'स्त्रियांच्या अपुऱ्या शक्तीचा' गैरफायदा घेतला जाऊ नये असं होतं, ते बदलून घेतलं. पण ४१ व्या कलमातलं वाक्य राहिलं. घरातल्या आपल्या आयुष्याने स्त्री राष्ट्राला असा आधार देते की त्याशिवाय सर्वांचं हित साधणार नाही. म्हणून आर्थिक निकडीपायी घरातली कर्तव्यं बाजूला टाकून मातांना कामाला जावं लागू नये यासाठी राज्य प्रयत्न करील. घटस्फोटावर बंदी त्याच कलमात. १ जुलै १९३७ ला मतदान झालं. बाजूने ६,८५,१०५, विरुद्ध ५,२६,९४५. एकमुखी कौल म्हणता येईल असा हा निकाल नव्हता.

त्यानंतर दहा वर्षांनी आपले घटना सल्लागार बी. एन. राव परदेशच्या घटना पाहायला निघाले, तेव्हा डब्लिनलाही येऊन गेले. पण आयरिश घटनेचा उपयोग त्याआधीच सुरू झाला होता. ४ नोव्हेंबर १९४८ ला डॉ. आंबेडकरांनी मसुदा मांडताना सांगितलंच की मार्गदर्शक तत्त्वं ही संसदीय लोकशाहीच्या घटनेत नवी गोष्ट आहे, आणि असं दुसरं उदाहरण आयर्लंडचं. न्यायालयात दाद मागता येणार नाही, तरी राज्यकारभाराला पायाभूत, ही कल्पना तिथलीच. संविधानसभेत यावर टीकाही झाली. टी. टी. कृष्णमाचारींनी या तत्त्वांना भावनांची कचराकुंडी म्हटलं.

टेबलावर भाची पेन्सिल घेऊन बसली होती, मी भाजी चिरत होते. तिने आपलं ३९ वं कलम वाचलं. समाजाच्या भौतिक संपत्तीची मालकी आणि नियंत्रण सर्वांच्या हिताला पोषक होईल अशा रीतीने वाटलं जावं. आयरिश वाक्यात मध्ये 'खाजगी व्यक्ती आणि विविध वर्गांमध्ये' असे शब्द आहेत. पोपना खाजगी मालमत्ता हवी होती, फक्त ती अनेकांकडे हवी होती. आपल्या माणसांनी ते शब्द उडवले. मग ती म्हणाली, "हे बघ." आयरिश वाक्य: कामगारांच्या, स्त्री-पुरुषांच्या शक्तीचा आणि आरोग्याचा, मुलांच्या कोवळ्या वयाचा गैरवापर होऊ नये, आणि आर्थिक निकडीपायी नागरिकांना आपल्या लिंगाला, वयाला किंवा शक्तीला न पेलणारा व्यवसाय करावा लागू नये. आपलं वाक्य: तेच सगळं, पण फक्त 'वयाला किंवा शक्तीला'. लिंग गेलं. भाचीने त्या गळलेल्या शब्दाभोवती पेन्सिलीने एक बारीक गोल काढला. आयरिश पुस्तिकेत, माझ्या. अजून आहे.

मी सुरी खाली ठेवली. वसईच्या भाताच्या खाचरात माझी आजी, तिच्या सुना, शेजारच्या बायका अख्खा पावसाळा वाकून काम करायच्या. बाईच्या लिंगाला न पेलणारं काम कुठलं, हे त्यांना कुणी विचारलं असतं तर त्या हसल्या असत्या. आपल्या मसुद्यातून तो शब्द नेमका कुणाच्या पेनाने गळला, यापेक्षा तो गळला याचंच मला जास्त अप्रूप वाटलं.

१७ ऑक्टोबर १९४९ ची गोष्टही भाचीनेच सांगितली. एच. व्ही. कामतांनी दुरुस्ती मांडली की उद्देशिकेची सुरुवात 'ईश्वराच्या नावे' व्हावी. मत घ्यायची पाळी आली. बाजूने ४१, विरुद्ध ६८. ईश्वर हरला. आयरिश घटना 'परमपवित्र त्रैक्याच्या नावाने' सुरू होते, ती आजही तशीच आहे. मी जे नागरिकत्व घेतलं त्या देशाची घटना आमच्या घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेच्या शब्दांनी उघडते. त्याच आयरिश उद्देशिकेत व्यक्तीची प्रतिष्ठा आणि स्वातंत्र्य सुरक्षित राहावं असंही म्हटलंय. आपल्या उद्देशिकेत बंधुता व्यक्तीची प्रतिष्ठा सुनिश्चित करते. शब्द सारखे. पण आंबेडकरांच्या 'प्रतिष्ठे'मागे महाडचं तळं आहे, आणि ते ब्लॅकरॉकच्या पत्रव्यवहारात सापडायचं नाही.

आयर्लंडमध्ये त्या कलमांचं पुढे काय झालं, ते लिहिणाऱ्यांना आवडलं नसतं. डब्लिनच्या उत्तरेला स्केरीजमध्ये मेरी मॅकगी नावाची चार मुलांची आई राहत होती. पुन्हा गरोदर राहिली तर जिवाला धोका, असं डॉक्टरने बजावलेलं. गर्भनिरोधक देशात विकायला बंदी, म्हणून तिने इंग्लंडहून टपालाने मागवलं. कस्टमने पाकीट जप्त केलं. ती कोर्टात गेली. डिसेंबर १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती ब्रायन वॉल्श यांनी आधार घेतला तो कुटुंबाच्या ४१ व्या कलमाचा. कुटुंब राज्याच्या आधीचं आहे, त्याचे हक्क अहस्तांतरणीय आहेत, असं तुम्हीच लिहिलंय ना, मग नवरा-बायकोने किती मुलं होऊ द्यायची हे राज्य कसं ठरवणार? मॅक्वेड त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारले होते. आदल्या डिसेंबरात सार्वमत होऊन 'विशेष स्थान' घटनेतून गेलंही होतं, सुमारे ८४ टक्के मतांनी, फारसा कुणी विरोधही न करता.

या निकालाने कॅथलिक संघटनांना जाग आली. न्यायालय आज गर्भनिरोधकाला हो म्हणतंय, उद्या अमेरिकेसारखं गर्भपातालाही म्हणेल. गर्भपात १८६१ च्या कायद्याने गुन्हा होताच. पण कायदा संसद बदलते, अर्थ कोर्ट बदलतं. म्हणून घटनेतच लिहून ठेवायचं, जिथे फक्त लोक हात लावू शकतील. एप्रिल १९८१ मध्ये कॅथलिक डॉक्टर, नर्स वगैरेंच्या संघटनांनी मिळून 'प्रो-लाइफ अमेंडमेंट कॅम्पेन' सुरू केलं. वेळ अचूक साधली. निवडणूक तोंडावर होती, दोन मोठ्या पक्षांमध्ये अटीतटी. काही आठवड्यांत फिट्झजेराल्ड आणि हॉही, दोन्ही नेत्यांकडून त्यांनी आश्वासन घेतलं. पुढच्या दीड वर्षात तीन सार्वत्रिक निवडणुका झाल्या, आणि प्रत्येक वेळी तेच आश्वासन पुन्हा समोर ठेवलं गेलं. मला यातली चलाखी नाकारता येत नाही. ही मंडळी संख्येने थोडी होती, निवडणूक लढवत नव्हती. पण रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर भेटणारा प्रत्येक आमदार त्यांना नावाने ओळखत होता.

मजकूर आला तेव्हा सरकारचे महाधिवक्ता पीटर सदरलँड यांनी इशारा दिला की भाषा संदिग्ध आहे, डॉक्टरांना नक्की काय करायचं ते कळणार नाही. फिट्झजेराल्डही मागे फिरले. उशीर झाला होता. ७ सप्टेंबर १९८३ ला ६६.९ टक्क्यांनी आठवी दुरुस्ती मंजूर झाली: न जन्मलेल्याचा जगण्याचा हक्क, आईच्या जगण्याच्या समान हक्काची योग्य जाणीव ठेवून. 'समान'. कागदावर तो शब्द किती न्यायाचा दिसतो.

मी २००४ साली इथे आले. भारतातून नर्सेसची भरती जोरात होती, बहुतेक केरळच्या, आम्ही वसईच्या दोघी. वॉर्डातल्या भिंतीवर क्रूस, आजीच्या वयाच्या पेशंटच्या उशाखाली जपमाळ, संध्याकाळी सहाला टीव्हीवर आंजेलस प्रार्थनेची घंटा. मला घरी आल्यासारखं वाटलं. बऱ्याच वर्षांनी कळलं की ती घंटा १९५० मध्ये, मॅक्वेड यांच्याच काळात, आधी रेडिओवर सुरू झाली. आठव्या दुरुस्तीचा माझा काही संबंध नव्हता, म्हणजे मला तसं वाटत होतं.

२०१२ च्या नोव्हेंबरात ब्रेकरूममध्ये कुणीतरी वर्तमानपत्र टाकून गेलं. सविता हलप्पनवार. एकतीस वर्षांची, दंतवैद्य, बेळगावात वाढलेली. सतरा आठवड्यांची गरोदर असताना गॉलवेच्या एका इस्पितळात आली, गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट होतं. गर्भपात करा अशी विनंती केली तेव्हा गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून नकार मिळाला, असं नवऱ्याने सांगितलं. २८ ऑक्टोबरला रक्तात विष पसरून ती गेली. आम्ही सगळ्या नर्सेस. कागद खाली ठेवून एकमेकींकडे न बघता चहा प्यायलो. ताप किती, नाडी किती, रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा कधी वाढला, हे आमच्या डोक्यात आपोआप चालू झालं होतं.

पुढच्या एप्रिलमध्ये मृत्युचौकशीत एका मिडवाइफने कबूल केलं की हा कॅथलिक देश आहे अशा अर्थाचं वाक्य आपण तिला बोललो. तिने माफी मागितली. इथली रीत समजावून सांगण्याच्या हेतूने बोलले म्हणाली. मला तिचा राग आला नाही. परदेशातून आलेल्या पेशंटला मीही असं समजावते, याच आवाजात, हातावर हात ठेवून. निकाल वैद्यकीय दुर्घटनेचा लागला. तपासण्यांत हयगय झाली होती, तेही खरं. आणि सरकारी चौकशीने हेही म्हटलं की कायद्याच्या धास्तीने सगळे थांबून राहिले. तीस वर्षांपूर्वी सदरलँडनी सांगितलं होतं तेच. ज्या वाक्यासाठी नर्सेसच्या संघटनेनेही घाम गाळला होता, ते वाक्य एका वॉर्डात, पलंगाच्या पायथ्याशी अडकवलेल्या तक्त्याजवळ येऊन उभं राहिलं.

बेळगावची, म्हणून मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर तिला 'आपली मुलगी' म्हणाले. तिचं घर कन्नड, पण त्या गावात हा हिशोब कोण करतो. सहा वर्षांनी त्याच ग्रुपवर 'आपला माणूस' म्हणून आयर्लंडच्या पंतप्रधानांचे फोटो फिरले: लिओ वराडकर, मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या डॉक्टरांचा मुलगा. आठवी दुरुस्ती काढण्याचं सार्वमत त्याच्याच सरकारने घेतलं. आपली मुलगी आणि आपला माणूस एकाच कलमाच्या दोन टोकांना उभे होते, याचं कुणाला काही वाटलं का, ते ग्रुपवर कळलं नाही. तिथे लगेच गणपतीच्या वर्गणीचा विषय निघाला.

२५ मे २०१८. सविताच्या आईवडिलांनी बेळगावहून 'हो' म्हणा अशी विनंती केली होती. पोर्टोबेलोला एका भिंतीवर तिचं मोठं चित्र होतं, त्यावर लोक चिठ्ठ्या चिकटवत होते. एका चिठ्ठीवर नुसतं 'सॉरी' लिहिलेलं मी पाहिलं. आमच्या चर्चमध्ये आदल्या रविवारी बिशपांचं पत्र वाचून दाखवलं गेलं. मी ते पूर्ण ऐकलं, कम्युनियन घेतलं, शुक्रवारी सकाळी ड्यूटीआधी मतदानाला गेले. कागदावर 'ता' म्हणजे हो आणि 'नील' म्हणजे नाही. मी 'ता'पुढे फुली मारली. ६६.४ टक्के लोकांनी तेच केलं, १९८३ च्या आकड्याला जवळजवळ आरसा धरल्यासारखं.

रात्री आईचा फोन आला. वसईत फादरांनी प्रवचनात आयर्लंडसाठी प्रार्थना सांगितली होती.

"मग, तू गेलीस का?"

"गेले."

"गर्दी होती?"

"नाही, रांग नव्हती."

तिने पुढे काही विचारलं नाही. आई हरित वसईच्या मोर्चात चाललेली बाई आहे. लोक कुठे बोलतात आणि कुठे थांबतात, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

भाची गेली त्या फेब्रुवारीच्या शेवटी पोस्टरं वाढली होती. ४१ व्या कलमातलं बाईचं वाक्य काढून त्या जागी नवं येणार होतं: कुटुंबातली माणसं एकमेकांची जी काळजी घेतात तिला राज्य मान्यता देतं आणि तिला आधार देण्यासाठी 'झटेल'. हाच शब्द अडला. अपंगांच्या हक्कांसाठी लढणारे म्हणत होते की झटेल म्हणजे काहीच नाही, कोर्टात उभं राहता येत नाही. मी बेअर अ‍ॅक्ट आणि निळी पुस्तिका मनात शेजारी ठेवून बसले. पोपच्या परिपत्रकाच्या सावलीत मॅक्वेडनी लिहिलेलं राज्य झटत होतं. आंबेडकरांच्या मसुद्यातलं राज्य झटत होतं. आता २०२४ मधलंही झटणार होतं. माझ्या वॉर्डात ऐंशीच्या पुढचे पेशंट आहेत ज्यांच्या घरी सून नाही, मुलगी नाही, सरकारी मदतनीस आठवड्यात काही तास येते. झटतेच ती, बिचारी.

८ मार्चला मतदान शाळेच्या हॉलमध्ये होतं. फळ्यावर दुसरीच्या मुलांनी पहिल्या कम्युनियनसाठी काढलेली कबुतरं आणि चषक. मला १९३७ चं वाक्य नको होतं आणि नवंही पटत नव्हतं. पेन्सिल हातात धरून किती वेळ उभी राहिले, माहीत नाही. मागची बाई खाकरली. मी 'नील'वर फुली मारली.

शनिवारी मोजणी. काळजीची दुरुस्ती ७३.९ टक्क्यांनी पडली. मातांना आर्थिक निकडीपायी कामाला जावं लागू नये, हे वाक्य जागच्या जागी राहिलं. बातम्या लागल्या होत्या तेव्हा मी डबा भरत होते, सुकटीची चटणी आणि भाकरी. घराचा हप्ता महिन्याच्या पंधरा तारखेला जातो. मुलीला म्हटलं, दूध गरम करून पी, दहाला झोप. माझी नाइट होती, पावणेआठला हँडओव्हर.